आरणीतला किडा येतो शेतातूनच! बटाट्याची पाकोळी रोखायची कशी?

काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो, म्हणून माल झाकून ठेवला जातो. दोन महिन्यांनी आरण उघडली की वरचे बटाटे ठीक दिसतात. पण हात आत घातला की ओलसर, वास मारणारा माल लागतो. बटाट्याच्या डोळ्यापाशी काळसर भुकटी आणि आत वेडीवाकडी भुयारे. मग ‘आरणीत कीड लागली’ असे म्हटले जाते. खरे तर बहुतेक वेळा कीड आरणीत लागलेली नसते. ती शेतातूनच बटाट्याबरोबर आलेली असते. आरणीत तिला फक्त ऊब, अंधार आणि भरपूर खाणे मिळते.

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बटाटा हे नगदी पीक आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर तर पावसाच्या भरवशावर खरिपात बटाटा घेतला जातो. रब्बीचा माल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतो. थोडे थांबून चांगला भाव घ्यायचा, हा हिशेब प्रत्येक शेतकरी करतो. या हिशेबात सर्वात मोठी जोखीम असते ती बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या एका पतंगाची.

नेमकी कीड कोणती?

या किडीला मराठीत बटाट्याची पाकोळी म्हणतात. इंग्रजीत ती ‘पोटॅटो ट्यूबर मॉथ’ म्हणून ओळखली जाते आणि तिचे शास्त्रीय नाव फ्थोरिमिया ऑपरक्युलेला असे आहे. पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, अरुंद पंखांचा असतो. पंख पसरले तरी तो दीड सेंटिमीटरच्या आसपासच भरतो. दिवसा तो पाल्यात किंवा ढेकळांखाली लपून राहतो आणि अंधार पडू लागला की उडतो.

मादी पानांच्या खालच्या बाजूला आणि उघड्या बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. एक मादी साधारण दीडशे ते दोनशे अंडी देते. उबदार हवेत चार-सहा दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते, दोन-तीन आठवडे खाते आणि मग कोषात जाते. उन्हाळ्यात एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते.

इथेच आरणीचे गणित बिघडते. समजा, एका मादीच्या अंड्यांतून फक्त दहा माद्या वाचल्या. त्या दहांच्या पुढच्या पिढीत शंभर आणि तिसऱ्या पिढीत हजार होतील. मार्चमध्ये झाकलेला बटाटा जूनमध्ये उघडेपर्यंत एवढ्या पिढ्या सहज होऊन जातात. मार्चमध्ये जे नुकसान नजरेतही भरले नव्हते, ते जूनमध्ये निम्मा ढीग फेकायला लावू शकते.

अळी स्वतः जेवढे खाते, त्यापेक्षा मोठे नुकसान तिच्या मागून होते. तिने केलेल्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. एक बटाटा सडतो, त्याचे पाणी शेजारच्या बटाट्यांवर उतरते आणि सड पसरते.

ही कीड आली कुठून?

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि पाकोळीही तिकडचीच. भारतात ती १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याच्या बटाट्यांबरोबर तेव्हाच्या मुंबई इलाख्यात शिरली, अशी नोंद आहे. म्हणजे या किडीचा देशातला मुक्काम शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच भागातून झाली. महाराष्ट्रातील उबदार हवा तिला मानवली. राजगुरुनगर येथे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे केंद्र होते, तिथे या किडीवर बरेच काम झाले.

बटाट्याखेरीज टोमॅटो, वांगी, तंबाखू आणि धोतरा यांवरही ती जगते. त्यामुळे बटाटा निघाला तरी बांधावरच्या धोतऱ्यावर किंवा शेजारच्या वांग्यावर तिची सोय होते. टोमॅटो उत्पादकांना त्रास देणारी ‘टुटा’ ही नागअळी तिचीच जवळची नातेवाईक. ती २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली आणि ती बटाट्याची पानेही खाते.

शेतातून आरणीत पोहोचते कशी?

पिकाच्या काळात अळी पानात शिरून दोन थरांमधला हिरवा भाग खाते. पानावर पांढरट, पारदर्शक चट्टे दिसतात. ती देठात आणि खोडातही शिरते. पाला भरपूर असताना हे नुकसान फारसे जाणवत नाही, म्हणून दुर्लक्ष होते.

खरी अडचण पीक पक्व होताना सुरू होते. काढणीआधी बटाट्याची साल घट्ट व्हावी म्हणून पाणी तोडले जाते. ते गरजेचेच आहे. कोवळ्या सालीचा बटाटा टिकत नाही. पण पाणी तोडले की दोन गोष्टी एकदम घडतात. पाला वाळू लागतो, म्हणून त्यातल्या अळ्यांचे खाणे संपते. त्याच वेळी जमिनीला, विशेषतः काळ्या जमिनीला, भेगा पडतात. भुकेल्या अळ्या खाली उतरतात आणि भेगांतून थेट बटाट्यापर्यंत पोहोचतात. पतंगांनाही अंडी घालायला उघडे कंद सापडतात.

मऊ, भेगा नसलेल्या मातीचा जाड थर अळीला सहसा पार करता येत नाही. म्हणून काढणीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत वरंब्यावर माती किती आहे, यावर आरणीचे भवितव्य बरेचसे ठरते.

शेतात काय करावे?

लागवड खोल करा. बेणे चार-पाच सेंटिमीटरवर टाकण्याऐवजी सुमारे दहा सेंटिमीटर खोल लावले तर नवे बटाटे मातीखाली राहतात. वरवर लावलेल्या बेण्याचे कंद वाढताना वरंब्याबाहेर डोकावतात.

मातीची भर चुकवू नका. लागवडीनंतर महिनाभराने पहिली भर लावली जाते. कंद फुगल्यावर वरंबा पुन्हा तपासून उघडे पडलेले बटाटे झाकावेत. उन्हात उघडा राहिलेला बटाटा हिरवाही पडतो आणि बाजारात बाजूला काढला जातो. एका भरीने दोन्ही नुकसान टळते.

भेगा बुजवा. पिकाच्या काळात पाण्याच्या पाळ्या लांबवून जमीन तडकू देऊ नये. शेवटचे पाणी तोडण्याआधी वाफशावर हलकी भर लावून वरंबे बंद केले तर पुढच्या कोरड्या दिवसांत धोका कमी होतो. ठिबक किंवा तुषार सिंचनावर ओलावा सारखा राहतो, त्यामुळे भेगा कमी पडतात.

कामगंध सापळे लावा. मादीच्या वासाची गोळी असलेल्या या सापळ्यांत नर पतंग अडकतात. पतंग केव्हा वाढू लागले, हे त्यातून कळते. नर मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर हेक्टरी वीसच्या आसपास सापळे लागतात. मात्र मादी या सापळ्यात येत नाही. ‘सापळे लावले, काम झाले’ असे समजणे महागात पडते.

मित्रकीटक सोडा. कोपिडोसोमा कोहेलरी ही अगदी लहान परजीवी माशी पाकोळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिच्या एका अंड्यातून अनेक पिल्ले तयार होतात आणि ती पाकोळीच्या अळीला आतून पोखरतात. शेवटी त्या एका अळीच्या वाळक्या सालीतून मित्रमाश्यांचा थवा बाहेर पडतो. चेलोनस ब्लॅकबर्नी ही दुसरी उपयोगी माशी. लागवडीनंतर दीड महिन्याने आठवड्याच्या अंतराने ही माशी सोडली जाते. कृषी विद्यापीठाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करून मागणी नोंदवावी. ज्या आठवड्यात मित्रमाशी सोडली, त्याच आठवड्यात जहाल कीटकनाशक फवारले तर खर्च वाया जातो.

काढणीचे ते चार दिवस

पीक पक्व झाले की पाला जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यावा. तो वरंब्यावरच वाळू दिला तर अळ्या मातीत उतरतात. पाला कापल्यानंतर साल घट्ट होण्यासाठी दहा-पंधरा दिवस पुरतात. त्यानंतर ‘भाव येईपर्यंत जमिनीतच राहू दे’ म्हणून थांबू नये. पाला गेलेल्या शेतात बटाटा जेवढा जास्त दिवस राहील, तेवढी कीड वाढत जाते.

काढलेला बटाटा रात्री शेतात उघडा पडू देऊ नये. पतंग संध्याकाळी आणि रात्री अंडी घालतात. जेवढा माल त्याच दिवशी उचलता येईल, तेवढाच काढावा. राहिलाच तर सूर्य मावळण्याआधी ताडपत्री किंवा घट्ट विणीच्या जाळीने पूर्ण झाकावा.

सर्वात घातक चूक म्हणजे बटाट्याच्या ढिगावर बटाट्याचाच पाला टाकणे. सावली होते, खर्च लागत नाही, म्हणून हे केले जाते. पण त्या पाल्यात अळ्या असतात. पाला वाळला की त्या खालच्या ढिगात उतरतात. झाकायला भाताचा पेंढा, गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट वापरावे.

आरण लावताना

आधी निवड करावी. कापलेला, खरचटलेला, हिरवा, सडका आणि डोळ्यापाशी भोक किंवा काळी भुकटी असलेला प्रत्येक बटाटा बाजूला काढावा. तो बांधावर फेकू नये. खोल खड्ड्यात पुरावा, नाहीतर त्यातून निघालेले पतंग आरणीवरच येतात.

आरणीची जागा उंचवट्यावर, दाट सावलीत आणि पाणी न साचणारी असावी. ढीग फार उंच करू नये. मधल्या बटाट्यांना हवा लागली नाही तर उष्णता वाढते आणि सड लागते. जागेवरचा जुना पाला, सडके बटाटे आणि कचरा आधी साफ करावा. खोलीत साठवायचे असेल तर भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात आणि खिडक्यांना बारीक जाळी लावावी. पाकोळीचे कोष जुन्या बारदानाच्या शिवणीतही राहतात. म्हणून गेल्या वर्षीच्या गोण्या धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नयेत.

घाणेरी, निलगिरी किंवा कडुनिंब यांचा वाळलेला पाला बारीक करून ढिगाखाली आणि ढिगावर दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. या पाल्याच्या वासाने पतंग दूर राहतात, असे बटाटा संशोधनातील अनुभव सांगतो. पाला पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला सड वाढवतो. अंडी आत आलेला माल या पाल्याने स्वच्छ होत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्याचे काम बाहेरचा पतंग थोपवण्याचे आहे.

दर दहा-पंधरा दिवसांनी ढिगाच्या दोन-तीन ठिकाणचे बटाटे काढून डोळे तपासावेत. काळी भुकटी दिसू लागली तर वाट न पाहता माल निवडून बाजारात न्यावा.

शीतगृह हा उपाय आहे का?

बऱ्याच अंशी आहे. तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेले की पाकोळीची वाढ जवळपास थांबते. बेण्याचा बटाटा दोन ते चार अंशांवर ठेवतात, तिथे ती वाढू शकत नाही. पण चिप्ससाठीचा बटाटा एवढ्या थंडीत ठेवता येत नाही. थंडीत त्यातली साखर वाढते आणि तळल्यावर चिप्स काळपट होतात. म्हणून तो दहा ते बारा अंशांवर ठेवतात. या तापमानात कीड मंदावते, मरत नाही. शीतगृहात नेतानाही निवड करावीच लागते.

आरणीत औषध मारले तर?

खाण्याच्या बटाट्यावर कीटकनाशक फवारू नये किंवा भुकटी चोळू नये. तो बटाटा काही दिवसांत कोणाच्या तरी ताटात जाणार असतो. आत शिरलेल्या अळीपर्यंत वरचे औषध पोहोचतही नाही.

जुन्या सल्ल्यांबाबत विशेष सावध राहावे. एकेकाळी बटाट्याच्या शेतात सर्रास टाकले जाणारे फोरेट आणि साठवणुकीसाठी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी पत्रके आणि मोबाइलवर फिरणारे संदेश यांत ही नावे अजून दिसतात. शेतात फवारणी करायचीच असेल तर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने बटाट्यासाठी मंजूर केलेलेच औषध घ्यावे. डब्यावरच्या लेबलात पीक, कीड, मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे दिलेले असते. काढणी जवळ आली असताना हा शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा.

बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक आणि पाकोळीला रोग आणणारा ग्रॅन्युलोसिस विषाणू यांचा साठवणुकीत उपयोग होतो, हे संशोधनातून दिसले आहे. ते अळीने खाल्ले तरच काम करतात, म्हणून कीड दिसण्याआधी वापरावे लागतात. उपलब्धता आणि मंजुरी यांची खात्री कृषी विज्ञान केंद्रात करून घ्यावी.

बाकीच्या किडींकडे केव्हा लक्ष द्यायचे?

लागवडीच्या वेळी हुमणी आणि रोपे कुरतडणारी अळी. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून मारणे हा सर्वात स्वस्त उपाय. कच्चे शेणखत टाकू नये, त्यात हुमणी वाढते. कुरतडणारी अळी दिवसा मातीत लपते आणि रात्री रोप जमिनीलगत कापते. पुढे ती कंदही पोखरते. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की दोन्ही किडी वर येतात आणि पक्षी त्यांना टिपतात.

पीक कोवळे असताना तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी. तुडतुड्यांनी रस शोषला की पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतात. फुलकिडे आणि पांढरी माशी विषाणू पसरवतात. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावले तर त्यांची वाढ लवकर कळते. पाने तांबूस, तेलकट दिसून खाली वळली तर कोळी असण्याची शक्यता असते. कोळी हा कीटक नाही, त्याचे औषधही वेगळे. ओळख पटल्याशिवाय फवारू नये.

थंडीच्या काळात मावा. खाण्याच्या पिकात थोडा मावा फार बिघडवत नाही. बेण्याच्या पिकात मात्र तो विषाणू पसरवतो आणि पुढच्या वर्षीचे उत्पादन घटवतो. म्हणून शंभर संयुक्त पानांवर वीस मावा दिसण्याआधीच बेणे प्लॉटचा पाला कापण्याची पद्धत आहे. मावा कमी असलेल्या काळात बेणे तयार करता येते म्हणूनच पंजाबसारख्या राज्यांतून आपल्याकडे बियाणे येते. ते बेणे उतरवून घेतानाही डोळे तपासावेत. शंभर वर्षांपूर्वी कीड बेण्यातूनच आली होती.

घरच्या बटाट्यात अळी दिसली तर?

ग्राहकांनी घाबरण्याचे कारण नाही. पाकोळीची अळी माणसाला रोग देत नाही. पोखरलेला भाग खोलपर्यंत कापून उरलेला टणक बटाटा शिजवून खाता येतो. सडलेला, वास येणारा किंवा हिरवा पडलेला बटाटा मात्र टाकून द्यावा. एका बटाट्यात अळी दिसली तर टोपलीतले बाकीचेही पाहावेत आणि ते आधी वापरून टाकावेत.

ठेवायचे की विकायचे?

हा निर्णय भावाकडे पाहून घेतला जातो. त्याआधी मालाकडे पाहणे जास्त गरजेचे आहे. काढणीच्या दिवशी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून शंभर बटाटे उचलावेत, धुऊन डोळे तपासावेत आणि संशय आला तो कापून पाहावा. शंभरांत एखादाही पोखरलेला नसेल, साल घट्ट असेल, तर चांगल्या निवडीनंतर आरण लावायला हरकत नाही. पाच-सात बटाट्यांत भोके दिसली तर ढिगात अंडी आणि बारीक अळ्या त्याहून जास्त असणार, असे धरून चालावे. असा माल निवडून लगेच विकणे किंवा शीतगृहात हलवणे शहाणपणाचे. दोन महिन्यांनी किलोमागे चार रुपये जास्त मिळतीलही. पण दहा गोण्यांतल्या चार सडल्या तर ते चार रुपये कुठेच उरत नाहीत.

हे शंभर बटाटे तपासायला तासभर लागतो. आरण लावण्याआधी तेवढा वेळ काढावा.